केळशीहून कवळ्याला

"ऊठ रे बाबू, कारीट फोडूचां आसा मां?"

पहाटेचे साडेचार वाजले होते. काकांची हाक ऐकून मी उठलो, डोक्याला खोबरेल चोपडून घेतले, चुलीवरच्या हंड्यातले पाणी अंगावर घेतले आणि ओल्या अंगाने अंगणात आलो. तुळशीपुढे पणती तेवत होती. काकांनी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली लिंबाएवढे हिरवे कारीट ठेवले. ते फोडायचे, 'गोविंदा'चा पुकारा करायचा आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, ही आमच्या वेंगुर्ले तालुक्यातली दिवाळी. नरकासुर म्हणजे एवढेसे कडू फळ! पलीकडे गोव्यात त्याच पहाटे गवत-कागदाचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. आम्ही कोकणातले गरीब लोक. आमचा असुरही परसात वेलीवर फुकट पिकतो.

मग पोहे. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, दह्यातले, फोडणीचे. शिवाय काळ्या वाटाण्यांची उसळ. या पोह्यांसाठी मी दरवर्षी कोल्हापुराहून घाट उतरतो, असे माझी बायको म्हणते. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. परंतु गेल्या वर्षी मी पोह्यांसाठी गेलो नव्हतो. मी गेलो होतो ते आईची समजूत घालायला.

झाले होते असे. आमच्या मूळ घरात आता काका एकटेच राहत होते. वय वर्षे ८४. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. काकांचा मुलगा, आमचा दादा, डोंबिवलीला असतो. तुळशीचे लग्न आटोपले की काकांना घेऊन जायचे, असे त्याने ठरवले होते आणि काकांनीही एकदाची मान डोलावली होती. म्हणजे घराला कुलूप. घराला कुलूप लावता येते, छपरावर ताडपत्री घालता येते, कलमे कराराने देता येतात. प्रश्न होता देवांचा. दादा म्हणाला, "देव डोंबिवलीला नेतो." मी म्हटले, "कशाला? गावातल्या भटजींना महिन्याचे पैसे देऊ, ते येऊन पूजा करतील." खरे सांगायचे तर दादाला देव हवे होते आणि मला ते कोणाकडेच नको होते. फोनवर आमची बोलाचाली झाली. त्यानंतर दोन महिने आम्ही एकमेकांना फोन केला नाही.

आणि मग आईने एक दिवस कोल्हापुरात भाजी निवडता निवडता शांतपणे जाहीर केले, "मी जातंय गावाक. दिवो कोणीतरी लावूक होयो."

आईचे वय ७८. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली. जवळचा दवाखाना सात किलोमीटरवर. पावसाळ्यात वीज गेली की चार-चार दिवस येत नाही. मी चिडलो, समजावले, डॉक्टरांचे नाव पुढे केले. आई ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी आपली लुगडी पेटीत भरू लागे.

आता हे देव म्हणजे काय, ते घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. मुंबईच्या घरात देव्हारा असतो. आमच्याकडे देवघर असते, आणि ते घरातल्या सर्वांत काळोख्या खोलीत असते. आमच्या देवघरात एक बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण, शंख, घंटा आणि कुलदेवीचा चांदीचा टाक आहे. टाकावरचा मुखवटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. डोळे आहेत हे ठाऊक असलेल्यालाच ते दिसतात.

पण एवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे देव घरात मावत नाहीत. उंबऱ्याबाहेर तुळस. परसाच्या कडेला, फणसाखाली, एक अनघड दगड, तो राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा. नागपंचमीला मातीचा नाग आणायचा. चवथीला गणपती यायचा आणि त्याच्या डोक्यावर माटवी बांधायची. ही माटवी म्हणजे आमच्या रानाचे प्रदर्शनच! लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, त्यांत नारळाची पेंड, सुपारीचे घड, तवशी, कवंडळे, तिरड्याची फुले, कांगल्यांच्या लाल दाण्यांचे झुबके. भाद्रपदात रानात जे जे पिकते-फुलते, ते ते देवाच्या डोक्यावर टांगायचे. मी लहानपणी वनस्पतींची नावे शिकलो ती पुस्तकातून नव्हे, माटवीखाली उताणा पडून. मग गौरी, सुनांनी सुपे घेऊन ओवसायचे. मग वाडीतली भजने; या घरातून त्या घरात, रात्री दोनपर्यंत. कार्तिकात तुळशीचे लग्न. त्यानंतर जत्रा आणि दशावतार.

हे सारे एका घरात गुंतलेले. देवघर हा त्या गाठोड्याचा नुसता गाठीचा भाग. आई मला म्हणाली ते याच अर्थाने: "घरातले देव पेटीत घालून न्हेशीत. मगे राखणदाराक खंय घालशीत?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाद जिंकता आला नाही तर दृष्टांत द्यावा, ही विद्या मी संतांच्या ग्रंथांतून शिकलो आहे. आमची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा. ती मुळात कवळ्याची नव्हेच. केळशीहून तिथे आली. मनात आले, आईला घेऊन कवळ्याला जावे. देवी स्वतः घर सोडून गेली होती हे तिथे उभे राहून सांगितले की आई निरुत्तर होईल. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज आटोपून आम्ही तिघे निघालो. मोटार चालवायला भाचा होता.

वाटेत आरवलीला वेतोबाचे दर्शन घेतले. वेतोबा म्हणजे वेताळ. पण आरवलीच्या लोकांनी त्याला इतके माणसात आणले आहे की भीती वाटत नाही, आधार वाटतो. हा देव रात्री गावाची गस्त घालतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडायला लोक चामड्याच्या थोरल्या वहाणा आणतात आणि केळ्यांचे घड वाहतात. देवळात त्या वहाणा मांडलेल्या होत्या. काकांनी वाकून एका जोडाचा तळवा पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "झिजलो हा."

पुढे शिरोडे. इथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे शिक्षक होते आणि मग १९३८ मध्ये कोल्हापूरला गेले. मी ते मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. कोकणातून कोल्हापूरला गेलेला मास्तर हा काही मी पहिलाच नव्हे, हे तिच्या ध्यानात यावे, असा त्यात थोडा डाव होता. आई म्हणाली, "तेंची आवस खंय रवली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आरोंद्याचा पूल ओलांडून आम्ही गोव्यात शिरलो. म्हापसे, पणजी, जुने गोवे. जुन्या गोव्यातली चर्चे मागे पडली आणि बाणस्तारीचा पूल ओलांडला की मुलूखच पालटतो. डोंगर जवळ येतात, पोफळीच्या बागा रस्त्याला भिडतात आणि दर दोन-तीन मैलांवर एकेका देवळाची कमान दिसू लागते. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे. एवढ्याशा फोंडा महालात एवढे थोर देव एकमेकांना इतके खेटून का बसले आहेत, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर असे की, यांतले बहुतेक निर्वासित आहेत.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. साष्टी आणि बारदेश १५४३ मध्ये त्यांच्या हाती गेले. पुढे देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले, ते १८१२ मध्ये कायमचे उठले. घरात मूर्ती ठेवणे हाच गुन्हा ठरू लागला, तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी ओलांडून ते आदिलशाही मुलखात, फोंड्याच्या बाजूला आणले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर दुसऱ्या दिशेने, डिचोली महालातल्या नार्व्याला गेला. शिवाजीमहाराजांनी १६६८ मध्ये त्याचे देऊळ पुन्हा बांधविले. आश्रय देणारा सुलतान मुसलमान होता आणि देवांना त्याची काही अडचण झाली नाही, हेही या कथेत विसरू नये.

मंगेशीला आम्ही थांबलो. पेशव्यांनी १७३९ मध्ये हे गाव देवाला इनाम दिले. पांढरा शुभ्र, सात मजली दीपस्तंभ. पायऱ्यांनी बांधलेली तळी. भोवती अग्रशाळांच्या खोल्या. म्हार्दोळला कूर्माच्या पाठीवर उभी असलेली पितळेची उंच दीपमाळ पाहिली. बाहेर बायका जाईचे वळेसर विकत होत्या. आईने एक घेतला आणि केसांत न माळता रुमालात बांधून ठेवला. नागेशीला मात्र वेगळे वाटते. नागेश कुठूनही आलेला नाही. तिथल्या शिलालेखाचे साल १४१३ आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षे आधीचे. तो मुळचा यजमान. बाकीचे त्याच्या दारी आलेले पाहुणे. सभामंडपातल्या लाकडी पट्ट्यांवर रामायणातले प्रसंग कोरले आहेत. वनवासाची कथा या शेजारात फारच शोभते.

ही देवळे आपल्या घाटावरच्या हेमाडपंती देवळांसारखी दिसत नाहीत. उतरती कौले, घुमट, कमानदार खिडक्या, आत झुंबरे आणि हंड्या. काही पंडित त्यांना सरमिसळ म्हणून नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही. जे हाती होते, जे गवंडी मिळाले आणि जे डोळ्यांना रोज दिसत होते, त्यातून परमुलखात आलेल्या लोकांनी आपल्या देवांना घर बांधले. घर असेच बांधले जाते.

कवळ्याला पोहोचलो तेव्हा दुपारची आरती व्हायची होती. तांबूस भिंती, चौकात उंच दीपस्तंभ, मागे हिरवागार डोंगर. आज दिसते ते देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांनी ते उभे करविले, आणि हे नारोराम आमच्याच वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याचे! काका हे सांगताना असे ताठ उभे राहिले की जणू कोचऱ्याहून चिरे त्यांनीच वाहून आणले होते.

शांतादुर्गेची कथा सर्वांना ठाऊक आहे. विष्णू आणि शंकर यांचे युद्ध जुंपले. कोणी हटेना. तेव्हा देवी मध्ये उभी राहिली, दोघांना दोन हातांनी आवरले, आणि भांडण मिटले. म्हणून दुर्गा असूनही ती शांता. महिषासुराला मारणारी देवी सगळीकडे आहे. दोन घरच्यांचे भांडण मिटवणारी मात्र आमची. गर्दीत उभा असताना मला डोंबिवलीच्या दादाची आठवण झाली आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले.

आरती सुरू झाली. बाहेर चौकात सगळे कोंकणीत बोलत होते, आत आरती मराठीत चालली होती, आणि कोणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हते. आईने रुमालातला वळेसर देवीसाठी पुढे केला. ओटी भरून झाल्यावर आम्ही सभामंडपात खांबाला टेकून बसलो. माझी वेळ आली होती. मी सारा इतिहास सांगितला. साले सांगितली, नदी सांगितली, केळशीच्या जुन्या जागेला आजही देऊळभाट म्हणतात हेही सांगितले. आणि शेवटी म्हटले, "बघ आई, खुद्द देवीने मूळ जागा सोडली. तिचे काही अडले नाही. मग आपल्या टाकाने घर सोडले तर काय बिघडले?"

आईने सगळे लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाली, "खरां आसा. पण देवी एकटी गेली काय रे?"

"म्हणजे?"

"तिका कोणीतरी डोक्यार घेतल्यान. न्हय ओलांडल्यान. हंय येवन तिका न्हाऊक घातल्यान, निवेद दाखयल्यान. देवी गेली म्हणान माणसां गेली नाय, माणसां गेली म्हणान देवी गेली. आता तू सांग. तू तिका न्हाऊक घालतलंस?"

मी गप्प झालो. माझी मुंज झाली तेव्हा काही महिने संध्या केली होती. विसाव्या वर्षी देवावरचा विश्वास गेला आणि तेव्हापासून मी पूजा केली नाही. तुकाराम शिकवतो, ज्ञानेश्वरी शिकवतो, वर्गात गळा दाटून येतो. पण घरी देवावर तांब्याभर पाणी कधी घातले नाही. ते आई करत होती. गावात काका करत होते. भटजींना पैसे देण्याची माझी सूचना ही देवांची सोय नव्हती, माझी होती. आणि तेव्हा माझ्या दृष्टांतातले वैगुण्यही माझ्या ध्यानात आले. ज्यांनी रात्रीच्या अंधारात देवी उचलली, त्यांनी ती ठेवली असती तर त्यांचे घरदार, शेतीवाडी कदाचित वाचली असती. त्यांनी देवी निवडली आणि घर सोडले. आम्ही नोकरीसाठी घर कधीच सोडले होते, आणि आता देवी कुठे ठेवावी याचा विचार करत होतो. माझा सगळा इतिहास बरोबर होता. फक्त त्याचे टोक माझ्याच दिशेने होते.

"करीन," मी म्हटले.

"रोज?"

"रोज."

आईने माझ्याकडे पाहिले. विद्यार्थ्याने पाठ न करता उत्तर दिले की मी जसा पाहतो, तसे. पुढे काही बोलली नाही.

परतताना आम्ही बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे कुठ्ठाळीकडे आलो. जुवारीच्या नव्या पुलावर चढण्यापूर्वी मी भाच्याला मोटार कडेला घ्यायला सांगितले. म्हटले, "आई, इथून जवळच केळशी." आईने मोटारीतूनच हात जोडले. नदीचे पात्र तिथे विस्तीर्ण आहे. पूल ओलांडायला आम्हांला दोन मिनिटे लागली. काका काचेतून पाण्याकडे पाहत म्हणाले, "तेवां होडयेन किती वेळ लागलो आसात?" कोणीच उत्तर दिले नाही.

पण माझ्या होकाराने काम भागत नव्हते. गावाच्या देवाचा कौल घ्यायला हवा, असे काकांचे मत पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रवळनाथाच्या देवळात गेलो. गुरवाने मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणे घातले आणि काकांनी, मीही, "होय महाराजा" म्हटले. प्रश्न होता: देव घाटावर न्यावेत काय? बराच वेळ काहीच पडले नाही. मग डावीकडची पाकळी टपकन पडली. आईचा चेहरा खुलला, माझा पडला.

परंतु काका मुरलेले. ते गुरवाला म्हणाले, "असां विचार. देव वर्षभर घाटार रवतले. पण चवथ हंयच, मूळ घरात. चवथीक सगळी पोरां येतली, देव घेवन येतली. चलात काय?" पाकळ्या पुन्हा लावल्या. या वेळी फार थांबावे लागले नाही. उजवीकडची पडली.

पाकळी पाण्याने चिकटते आणि पाणी सुकले की पडते, हे मला ठाऊक आहे. आधी कोणती सुकेल हे सांगता येत नाही, हेही ठाऊक आहे. तरी मी त्या पाकळीला मान दिला. कारण पहिल्या उत्तराने आम्हांला प्रश्न बदलायला लावला, आणि बदललेला प्रश्न पहिल्यापेक्षा खरोखर चांगला होता. आमच्या सभा-समित्यांत हे सहसा घडत नाही. देवळातून बाहेर येताच मी दादाला फोन केला. दोन महिन्यांनी. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चवथीचा खर्च निम्मा माझा."

तुळशीचे लग्न लागले. ऊस, चिंचा, आवळे, दिंड्याची काठी, वाडीतली पोरे, चुरमुरे. ते काकांचे घरातले शेवटचे कार्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी देव पुसून, तांदळात बसवून, पितळेच्या डब्यात ठेवले आणि डबा माझ्या हाती दिला. राखणदाराला त्यांनी नारळ दिला आणि शेजाऱ्यांना तुळशीला पाणी घालायला सांगितले. डबा सामानात ठेवायचा नाही, मांडीवर ठेवायचा, असे आईने बजावले. आंबोलीचा घाट चढताना तो माझ्या मांडीवर होता. वजन फार नव्हते.

तेव्हापासून मी रोज पूजा करतो. मंत्र येत नाहीत. आईने सांगितले, "नाय येत तर नाय. हात स्वच्छ धू आणि घाई करू नको." साडेदहाचा तास असला की घाई होते. श्रावणात एकदा मी पूजा न करताच कॉलेजात गेलो. आई काही बोलली नाही. बायकोने संध्याकाळी सांगितले की, आई बारापर्यंत माझी वाट पाहत उपाशी होती आणि मग तिने स्वतः देवांना न्हाऊ घातले. त्यानंतर माझ्याकडून चूक झालेली नाही. देवावर माझा विश्वास परत आला काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मी देत नाही. टाकावरच्या झिजलेल्या मुखवट्याचे डोळे मला आता दिसतात, एवढे सांगतो.

यंदा चवथीला आम्ही घर उघडले. डोंबिवलीहून दादा आणि काका, पुण्याहून बहीण, तिची मुले. मिळून सतरा माणसे. कुलपात तेल घालून किल्ली फिरवावी लागली. आत बुरशीचा वास, कोनाड्यात कोळ्यांची जाळी. पोरे माटवीसाठी कवंडळे शोधायला रानात पळाली. मी पितळेचा डबा उघडू लागलो. तोवर आई कोणाला न विचारता आत देवघरात गेली होती. काजळीने काळ्या झालेल्या भिंतीपाशी, रिकाम्या चौरंगापुढे, तिने समई पुसली, वात घातली आणि दिवा लावला.

"देव येऊंदेत मगे," ती म्हणाली. "तेंका काळोखात कशाक आणतंस?"